बालव्हिरीचे मुके धुराडे

माझी धाकटी बहीण बेला हिचे लग्न ज्या वर्षी झाले, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बालव्हिरीच्या मोठ्या घराचे छप्पर उतरवायचे ठरले. ते साल एकोणीसशे चौपन्न. लग्न मार्चमध्ये झाले, डोंगरावरचे बर्फ वितळत असताना. मोठ्या घरातल्या ग्रिझेलबाईंनी बेलाला आहेर म्हणून एक कोंबडी दिली. करडी, ठिपक्याठिपक्यांची, पायाने इतकी बुटकी की चालताना होडी डोलल्यासारखी डोलायची. बेलाने तिला उन्हाळाभर टोपलीत घालून फिरवले. नवऱ्यापेक्षा कोंबडीशी जास्त बोलते, असे हेक्टरमामा म्हणायचा.

आम्ही टाउन्सली लोक, फिरस्ते. जुलैत ब्लेअरला रासबेरी तोडायला, मग बटाटे काढायला, आणि ऑक्टोबर लागला की बालव्हिरीच्या जुन्या दगडखाणीत पाले ठोकायची, ती वसंतापर्यंत. मामा पत्र्याचे डबे आणि शिंगाचे चमचे करायचा, मी आणि आई हेदरच्या, म्हणजे माळावरच्या काटक झुडपाच्या, केरसुण्या बांधायचो. मोठ्या घराची धुराडी झाडायचे काम आमचेच होते, आणि त्या बदल्यात खाणीतली जागा आमची. याचा कुठे कागद नव्हता. ग्रिझेलबाईंच्या वडिलांनी कधीतरी शब्द दिला होता आणि बाईंनी तो पाळला होता.

ते घर कसे होते, तर नीट भांग पाडून फोटोला बसलेल्या माणसासारखे. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वर करड्या स्लेटची कौले, दोन्ही टोकांना सारखी धुराडी. पश्चिमेच्या टोकाची एक खिडकी तर नुसती रंगवलेली होती. आत भिंत आणि बाहेर काळ्या रंगाने काढलेल्या काचा, का, तर पूर्वेला खिडकी आहे म्हणून. लहानपणी मी त्या खिडकीत कोणी दिसते का ते बघत बसायची.

पूर्वेच्या टोकाला एक धुराडे होते, त्यातून कधीच धूर निघत नसे. त्याच्या खाली कुठल्याच खोलीत चूल नव्हती. आम्ही त्याला मुके धुराडे म्हणायचो. मामाने ते कधी झाडले नाही. "चूलच नाही, मग झाडू काय, आभाळ?" असे म्हणून तो पुढच्या धुराड्याकडे जायचा.

घर बाईंचे नव्हते. भाऊ गेल्यावर ते भाच्याकडे, रानल्डकडे गेले होते. तो लंडनला असे. घरावर छप्पर असेपर्यंत त्यावर कर पडायचा, छप्पर काढले की कर नाही. त्या काळी आमच्याकडे अशी कितीतरी घरे उघडी पडली. खोऱ्याच्या वरच्या अंगाला असेच एक होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर अजून फुलांचा कागद होता आणि मधोमध बर्चचे रोप वर आले होते. रानल्डने बाईंसाठी पर्थ शहरात एका खानावळवजा घरात खोली पाहून ठेवली होती. ऐंशीच्या घरातली बाई, जन्म त्या घरातला, तिला आता धोब्याच्या अंगणाकडे तोंड करून बसायचे होते. आणि त्या गेल्या की जमीन लाकूड कंपनीला जाणार, म्हणजे खाणही. छप्पर राहिले तर त्या राहणार, त्या राहिल्या तर आम्ही. एवढा साधा हिशेब होता.

एकच वाट उरली होती. घर खरेच फार जुने निघाले तर सरकार ते जपायच्या यादीत घालून त्यावर हात ठेवू शकत होते, आणि मग छपराला कोणी हात लावू शकत नव्हते. म्हणून बाईंनी एडिंबराहून सरकारी माणूस बोलावला. नाव पेटिग्रू. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो बसने आला, ओल्या बुटांचा, लांब मानेचा. त्याच्यावर लक्ष ठेवायला रानल्डही आला. आम्ही स्वयंपाकघराचे धुराडे झाडायला गेलेलो होतो, मी आणि मामा, आणि मागे टोपली घेऊन बेला. खाणीत कोल्हा फिरत होता, म्हणून ती कोंबडीला एकटी सोडत नसे.

पेटिग्रू मला पहिल्यापासून आवडला. तो भिंतींवर टकटक करायचा, कान लावायचा, चुना नखाने खरवडून हुंगायचा. दिसेल त्याला प्रश्न विचारायचा. मलाही विचारले, "या जिन्यावर पावसाळी हवेत कुठला वास येतो?" मी म्हटले, "काजळीचा." तो म्हणाला, "पण इथे तर चूल नाही," आणि जिन्यावर उभा राहून स्वतःच हुंगू लागला.

दुपारी जेवणघरात बाईंनी चहा मांडला. ओटच्या भाकऱ्या, लोणी, आणि रानल्डसाठी व्हिस्की. आम्ही दाराशी होतो, बाईंनी आम्हालाही कप दिले.

"माझे आजोबा म्हणायचे," बाई म्हणाल्या, "की या घराच्या पोटात आणखी एक घर आहे."

"आत्या, तुझे आजोबा संध्याकाळी पाचनंतर बरंच काही म्हणायचे," रानल्ड म्हणाला.

"पाचच्या आधीही म्हणायचे. तू तेव्हा जन्मला नव्हतास."

पेटिग्रू हसला. "बाई, या खोऱ्यात मी ज्या घरात जातो त्याच्या पोटात किल्ला असतो. आणि प्रत्येक किल्ल्यात तीच जुनी राणी एक रात्र झोपून गेलेली असते. ती बिचारी राज्य कधी करत होती कोण जाणे." मग तो गंभीर झाला. "मला सापडलं तर मला हवंच आहे. पण मला दिसतंय ते सतराशे ऐंशीच्या सुमाराचं घर. चांगलं आहे, साधं आहे, पण अशी बरीच आहेत. बाहेरून मोजलं आणि आतून मोजलं, तर पूर्वेकडे थोडी जागा उरते खरी. पण ती धुराड्यांच्या नळ्यांनी खाल्ली असेल."

"आणि मुकं धुराडं?" मी विचारले. विचारायचे नव्हते, तोंडातून गेले.

"ते खोटं असणार. त्या काळचे लोक शोभेसाठी धुराडी बांधायचे. डावीकडे दोन तर उजवीकडे दोन. ज्याने खिडकी रंगवली, तो धुराडं का नाही उभारणार?"

हे सगळ्यांना पटले. मलाही पटले. रानल्डने घड्याळ पाहिले.

"बघून तर येऊ दे," बाई म्हणाल्या. "हेक्टर, वर जा. दोर सोड. तळ कुठे लागतो ते सांग."

मामा शिडी लावून कौलांवर गेला. त्याने हेदरची जुडी दगडाला बांधून दोराने आत सोडली. आम्ही अंगणातून वर बघत होतो. थोड्याच वेळात त्याने खाली हाक दिली, "लागला तळ! माझ्या छातीइतका खोल नाही. खोटंच आहे!"

रानल्ड म्हणाला, "झालं. मिस्टर पेटिग्रू, तुमची बस चारला आहे." पेटिग्रूने टोपी घातली. त्याचा चेहरा पडला होता, ते मी पाहिले. त्यालाही काहीतरी सापडायला हवे होते.

बाई मात्र हलल्या नाहीत. डोळ्यांवर हात धरून त्या धुराड्याकडे बघत होत्या. तिथले कावळे, करड्या मानेचे, पांढुरक्या डोळ्यांचे, मामावर चिडून घिरट्या घालत होते.

"माझी निजायची खोली लहानपणी त्या बाजूला होती," त्या सावकाश म्हणाल्या. "ताप आला की मी दिवसभर या कावळ्यांना बघत पडायची. दर वसंतात ते चोचीतून काटक्या आणतात आणि त्या धुराड्यात टाकतात. माझ्या लहानपणी टाकायचे, यंदाही टाकत होते. सत्तर वर्षं. हेक्टरच्या छातीइतकं खोल नसतं, तर ते एका वसंतात भरून वाहिलं असतं."

पेटिग्रूने टोपी काढली.

"हेक्टर!" बाई ओरडल्या. त्या वयात एवढा आवाज. "तुझ्या दोराखाली काय आहे? दगड की काटक्या?"

त्याने धुराड्यात डोके घातले. मग मामा म्हणाला, "काटक्या, बाईसाहेब."

"मग तळ कुठला म्हणतोस, मूर्खा? ते घरटं आहे!"

"घरट्याला तळच असतो की, बाईसाहेब," मामा म्हणाला, पण हळू.

मामाने पत्रा ठोकायची आपली छोटी ऐरण वर मागवली. बेलाच्या नवऱ्याला खाणीतून ती आणायला सांगितले. तो धापा टाकत आला, वर चढून देऊन गेला. मामाने ऐरण दोराला बांधली, दोन्ही हातांनी उचलली आणि सोडली.

तो आवाज मी अजून विसरले नाही. आधी कडकड, मग लांबच लांब घरंगळत गेलेली गडगड, आणि मग घराच्या पोटात धप्प. जिन्यावरची चित्रे हलली. दोर तुटून मामाच्या हातात एक तुकडा राहिला. कावळे आभाळभर झाले.

"गेली माझी ऐरण!" मामा ओरडला. "कुठे गेली?"

तोच प्रश्न होता. पेटिग्रू म्हणाला जेवणघरात, मी म्हटले जिन्याखाली, रानल्ड म्हणाला कोठीत. कोणाचेच एकमत होईना. सगळे घर हलले होते आणि धूळ कुठेच पडली नव्हती.

"भिंत फोडायची तर कुठली?" पेटिग्रू स्वतःशीच म्हणाला. "अंदाजाने फोडता येत नाही. घर दुसऱ्याचं आहे." त्याने रानल्डकडे पाहिले.

"माझं आहे," रानल्ड म्हणाला, "आणि मी एकही भिंत फोडू देणार नाही. ऐरण पडली याने एवढंच कळलं की आत पोकळी आहे. नळी आहे. बस चारला आहे."

मामा खाली आला होता, तोंड काळे, डोळे चमकणारे. तो बेलाच्या टोपलीकडे बघत होता.

"मामा," बेला म्हणाली, "तिकडे बघू नकोस."

"पोरी, माझा बाप कोंबडी सोडूनच धुराडी झाडायचा. रुंद नळी असली की ती पंख फडफडत उतरते, काजळी आपोआप झडते. आणि उतरली की गप्प बसत नाही. ऐरण गप्प बसते. कोंबडी गप्प बसत नाही."

पेटिग्रूने मान पुढे केली. "तुम्ही कोंबडी म्हणालात का?"

"कोंबडी म्हणालो, साहेब."

"आत्या," रानल्ड म्हणाला, "हा टिंकर, डबे ठोकणारा भटक्या, माझ्या धुराड्यात कोंबड्या टाकणार आहे. तू यांना चहा दिलास तेव्हाच मला कळलं होतं."

"एकच कोंबडी," मामा म्हणाला. "आणि ती तुमची नाही."

बेलाने टोपली पोटाशी धरली. "ती माझी आहे. आहेर आहे. नवीन लग्न झालेलीचा आहेर कोणी धुराड्यात टाकतं का? सांगा तरी!"

बाई तिच्याजवळ गेल्या. "बेला, ती मी दिली होती. दिलेलं परत मागायची माझी रीत नाही. मी फक्त विचारते."

बेलाने त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी त्या दिवशी काळा पोशाख घातला होता, चांगला, रविवारचा, सरकारी माणसासाठी. त्याच्या बाहीला रफू होता. बेलाने टोपली मामाकडे दिली.

"तिला काही झालं तर, मामा, मी तुला त्याच नळीतून सोडीन. डोकं खाली करून."

"मी अडकेन," मामा पोटावर हात मारत म्हणाला आणि शिडी चढला.

बाईंनी आम्हाला घरभर वाटून उभे केले. पेटिग्रू कोठीत, मी जिन्याखाली, बेला स्वयंपाकघरात, बाई स्वतः जेवणघरात. रानल्ड खिडकीशी सिगारेट पेटवून उभा होता, पण ती ओढत नाही हे मला दारातून दिसत होते.

वरून मामाची हाक आली. मग भिंतीत कुठेतरी फडफड झाली, इतकी हलकी की मला ती माझ्याच कानातली वाटली. मग काहीच नाही. बेला स्वयंपाकघरात रडायला लागली.

आणि मग, अगदी स्पष्ट, चिडून, जेवणघरातून आवाज आला. क्वॉक.

आम्ही सगळे धावलो. बाई मोठ्या कपाटासमोर उभ्या होत्या. कपाटाच्या वर सर जॉर्जचे चित्र होते, ज्याने घराचे ते भांग पाडलेले तोंड बांधले तो पूर्वज, पांढऱ्या केसांचा टोप घातलेला, ओठ घट्ट मिटलेला. आवाज बरोबर त्याच्या मागून येत होता.

"सर जॉर्ज पावणेदोनशे वर्षांत पहिल्यांदा काही बोलले," बाई म्हणाल्या.

पेटिग्रूने कान लावला. "या भिंतीमागे!" तो कुजबुजला. "ही भिंत जाड आहे असं मी समजत होतो. इकडे सगळ्याच भिंती जाड. मी विचारलंच नाही."

"कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "मी इथे जन्मभर जेवले."

कपाट आम्ही सगळ्यांनी मिळून सरकवले. छपरावरून उतरून आलेला मामा आणि मी एका बाजूने, पेटिग्रू दुसऱ्या. चित्र उतरवले. मागे गुळगुळीत गिलावा होता, फिकट हिरवा. आत कोंबडी पुन्हा ओरडली, आणि मग गप्प झाली. पुन्हा आवाज येईना.

"ती मरतेय," बेला म्हणाली. "काजळीत गुदमरतेय."

"थांबा," रानल्ड म्हणाला. "भिंतीला हात लावायचा नाही. ही भिंत माझी आहे. मी वकिलाशी बोलेन, मग बघू."

बाईंनी चुलीशेजारची कोळसे फोडायची हातोडी उचलली.

"रानल्ड," त्या म्हणाल्या, "तुला या घराचं छप्पर काढायचंय ना? मग मी भिंतीपासून सुरुवात करते. तुझंच काम हलकं होईल."

आणि त्यांनी मारली. पहिल्या घावाला गिलाव्याचा एक पोपडा पडला. दुसऱ्याला भेग गेली. मामा पुढे झाला, पण त्यांनी त्याला कोपराने मागे सारले. तिसऱ्या घावाला हातोडी आतच गेली, दांड्यासकट, आणि भोकातून गार, जुन्या काजळीचा वास आला. तोच, जो जिन्यावर येत असे. मग मात्र त्यांनी हातोडी मामाला दिली आणि खुर्चीवर बसल्या.

भिंत पातळ होती, लाकडाच्या पट्ट्यांवर लिंपलेली. मामाने ती माणूस वाकून जाईल एवढी उघडली. पेटिग्रू कंदील घेऊन पोटावर सरपटत आत गेला. त्याचे ओले बूट तेवढे बाहेर राहिले. बराच वेळ ते बूट हलले नाहीत.

"साहेब?" मी म्हटले. "आहात का?"

आतून हसण्याचा आवाज आला. हसतच राहिला तो.

"या," तो म्हणाला. "सगळे या. जागा आहे."

जागा होती. आमचे सगळ्यात मोठे पाल त्या चुलाण्यात उभे राहिले असते. आख्खा बैल भाजायचे चुलाणे ते, दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे, झिजून मऊ झालेले. वर कमान, एकेक दगड माझ्या हाताएवढा लांब. आणि वर पाहिले तर नळी, इतकी रुंद की तिच्या टोकाला संध्याकाळचे आभाळ दिसत होते आणि त्यात एक कावळा, आमच्याकडे डोकावणारा. तळाला सत्तर वर्षांच्या, की दोनशे वर्षांच्या, काटक्यांचा ढीग. त्या ढिगावर मामाच्या ऐरणीशेजारी बेलाची कोंबडी पाय पोटाशी घेऊन बसली होती. ठिपके सगळे गेले होते. कोळशासारखी काळी.

"घरट्यात बसलीये," मामा म्हणाला. "एवढं मोठं घरटं तिला जन्मात मिळालं नसतं."

बेलाने तिला उचलले आणि शालीने पुसत बाहेर घेऊन गेली.

पेटिग्रू कमानीवरून बोटे फिरवत होता. "सर जॉर्जच्या दोनशे वर्षं आधीचं. कमानीची ही कोर बघा, ही नंतर कोणी करत नसे. हे जुन्या किल्लेवजा मनोऱ्याच्या मोठ्या दिवाणखान्याचं चुलाणं आहे, बाई. पूर्वेची ही सगळी भिंत मनोऱ्याची आहे, छपरापर्यंत. सर जॉर्जनी पाडला नाही, पुढे बांधलं आणि मागचं झाकलं. घराच्या पोटात घर."

"आजोबा पाचच्या आधीही म्हणायचे," बाई म्हणाल्या.

चुलाण्याच्या मधोमध, कमानीवर, एक चौकोनी दगड होता. आमच्याकडे जुन्या घरांत लग्नाचा दगड बसवत, घराण्याचे चिन्ह कोरलेली नवऱ्याची ढाल आणि तशीच बायकोची ढाल शेजारी शेजारी, खाली दोघांची अक्षरे. मला तेव्हा अक्षरे येत नव्हती. पेटिग्रूने कंदील वर धरून वाचून दाखवले. नवऱ्याच्या ढालीवर या घराण्याचे हरणाचे डोके आणि खाली त्याची दोन अक्षरे, नावाचे आणि घराण्याचे. बायकोची ढाल कोरी होती. हरीण नाही, तारा नाही, काही नाही. आणि खाली एकच अक्षर, एम.

"अर्धं राहिलं असेल," रानल्ड म्हणाला. तो कधी आत आला कोणाला कळले नव्हते.

"नाही," पेटिग्रू म्हणाला. "कडेची नक्षी पुरी आहे. मुद्दाम कोरी ठेवलीय. तिच्या घराण्याला चिन्ह नव्हतं. नावही नव्हतं बहुतेक, सांगण्यासारखं."

बाई त्या कोऱ्या ढालीकडे बघत राहिल्या. "जिन्यावर माझ्या सगळ्या आज्या टांगल्या आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर ढाल, प्रत्येक ढालीवर काही ना काही ओरडतंय. ही कोण?"

मी चुलाण्याच्या बाजूच्या कोनाड्यात हात घातला होता. तिथे मीठ ठेवत, कोरडे राहावे म्हणून. हाताला काहीतरी लागले. शिंगाचा चमचा होता, काळा पडलेला, दांडा तुटलेला. मी तो मामाला दिला. त्याने थुंकी लावून पुसला, उजेडात धरला, उलटा केला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "ही बाई आमची होती."

"एका चमच्यावरून?" रानल्ड म्हणाला.

"चमचे कोण करतं इथे? आम्ही."

"चमचे सगळं खोरं विकत घेतं!"

"विकत घेतलेला चमचा माणूस टेबलावर ठेवतं. मिठात ठेवतं ते आपलं असतं."

पेटिग्रू पुन्हा हसला. "शक्य आहे, हेक्टर. आणि शक्य नाहीही. तिचा बाप दळणारा असेल, मासे धरणारा असेल. आपल्याला कधीच कळणार नाही."

"मग सर जॉर्जनी हे का झाकलं?" मी विचारले. "तिच्यासाठी?"

"किंवा थंडीसाठी," तो म्हणाला. "एवढं चुलाणं घरातली सगळी ऊब वर ओढून नेतं. किंवा फॅशनसाठी. मला विचारलंत तर मी फॅशन म्हणेन. पण पैज लावणार नाही."

बाई उठल्या, पुढे झाल्या, आणि त्यांनी त्या कोऱ्या दगडावर तळहात ठेवला. "हेक्टर, तुझी असली तर तू माझा लांबचा भाऊ लागतोस."

"मग ऐरण पुसून द्या, ताई," मामा म्हणाला. बाई हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच ऐकले.

पेटिग्रूची बस चुकली. तो तिथेच राहिला, दुसऱ्या दिवशी आल्यागेल्याला चुलाणे दाखवत बसला. रानल्ड रागावून गेला. पण जायच्या आधी एकटाच आत जाऊन वर बघत उभा होता, ते मी पाहिले. कावळ्याने त्याच्या टोपीवर काटकी टाकली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, जुने वर्ष जाऊन नवे येते त्या संध्याकाळी, मामाने नळी झाडली आणि बाईंनी चुलाणे पेटवले. कावळ्यांच्या काटक्या सबंध हिवाळाभर पुरल्या. मुक्या धुराड्यातून धूर निघालेला बघायला खोऱ्यातली माणसे बाहेर येऊन रस्त्यात उभी राहिली. कावळे चिडून पश्चिमेच्या एका धुराड्यावर गेले, आणि बाईंनी त्यांच्यासाठी त्याखालची चूल कायमची विझवून टाकली. फेब्रुवारीत सरकारने घरावर हात ठेवला. छप्पर राहिले, खाण राहिली. बेलाची कोंबडी महिनाभर अंडे देईना, तो दोष तिने मामाला जन्मभर दिला.

अक्षरे मी पुढे पन्नाशीत शिकले, नातीच्या पुस्तकातून. शिकल्यावर एकदा बालव्हिरीला गेले आणि त्या दगडाखाली उभी राहून बोटाने वाचले. नवऱ्याची दोन अक्षरे, आणि मग एम. मला वाटले होते, स्वतः वाचले की आणखी काही कळेल. कळले नाही. तरी मी बराच वेळ उभी होते.

बेलाची कोंबडी चौथ्या हिवाळ्यात मेली, म्हातारी होऊन. हेक्टरमामा एकोणीसशे साठच्या ऑगस्टमध्ये वारला, ब्लेअरला, रासबेरीच्या दिवसांत. ग्रिझेलबाई त्यानंतरच्या फेब्रुवारीत, म्हणजे एकसष्टच्या, बालव्हिरीतच, चुलाण्यातल्या दगडी ओट्याशेजारी ठेवलेल्या खुर्चीत वारल्या.